मंगळवार-गुरुवारची मोजणी

किटली खोटं बोलायला लागली ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि तेही फक्त मंगळवारी नि गुरुवारी. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती अगदी सरळ वागायची. रविवारी तर तिच्याइतकं धर्मनिष्ठ त्या गावात दुसरं कुणी नसावं.

किटली म्हणजे उपग्रह. वॉशिंग्टनच्या कागदांवर त्याला लांबलचक नाव होतं, पण आयोवातल्या त्या विद्यापीठाच्या ज्या तळघरात तो तयार होत होता, तिथली सगळी माणसं गोठ्यांतून उठून आलेली. तो गोल, चकचकीत, वर अरुंद होत गेलेला डबा पाहून त्यांना दुधाची किटलीच आठवली, आणि तेच नाव पडलं. पृथ्वीभोवती, तिच्या चुंबकानं धरून ठेवलेल्या कणांची दोन प्रचंड अदृश्य कडी आहेत, याचा पत्ता लागून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. त्या कड्यांतून ही किटली फिरणार, पोटातल्या गायगर नळ्यांनी कण मोजणार आणि आकडे खाली कळवणार, असा बेत होता. वर्कशॉपचा मुख्य लॅम्बर्ट हान चर्चमध्ये सांगत असे की वर इतके कण आहेत की टोपी उलटी धरली तर भरून येईल. आणि ज्या मुलखात सकाळी मक्याच्या ताटावर टांगलेला डगला संध्याकाळी शिडी लावून काढावा लागतो, तिथे हे ऐकून कुणाची भुवई वर जात नसे.

किटलीतल्या चार नळ्यांपैकी एक नॉरिस एलेफसनची होती. नॉरिस सव्वीस वर्षांचा, नॉर्वेजियन शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या घराण्यात एकदा कुणीतरी जेवताना बोललं होतं, ती आठवण अजून काढतात, असं लॅम्बर्ट म्हणायचा. या नळीवर नॉरिसनं तीन वर्षं घातली होती आणि तिच्या आकड्यांवर त्याची डॉक्टरेट उभी राहायची होती. नळी सगळ्यांत हळवी. काही नसतानाही ती मिनिटाला बावीस ठोके मोजायची, कारण भिंतीत, मातीत, आकाशात थोडंफार काहीतरी असतंच. हे बावीस सगळ्यांना मान्य होते. पण मंगळवारी नि गुरुवारी ती एकतीस मोजायची, आणि हे वरचे नऊ कुठून येतात ते कुणाला सांगता येत नव्हतं. जिचं जमिनीवरच पोट बिघडतं, तिनं वर जाऊन काय सांगितलं तर त्याचा भरवसा कोण धरणार? पुढल्या गुरुवारी किटली पेटीत भरून फ्लोरिडाला जायची होती. त्याआधी कारण सापडलं नाही तर सोमवारी नळी काढायची आणि तोल राहावा म्हणून तिच्या जागी तेवढ्याच वजनाचा पितळी ठोकळा बसवायचा, असं ठरलं होतं. लॅम्बर्टनं ठोकळा कातून तयारही ठेवला होता.

नॉरिसनं शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. मंगळवारी कोळशाचा ट्रक येतो म्हणून राख तपासली. गुरुवारी शेजारच्या इमारतीत क्ष-किरणांचं यंत्र चालतं म्हणून तिथल्या बाईंशी भांडून आला. नळीभोवती शिशाच्या विटा रचल्या, तेव्हा आकडा थोडा उतरला. विटा काढल्या, पुन्हा चढला. म्हणजे नळी निर्दोष होती. काहीतरी बाहेरून येत होतं, आणि वार पाळून येत होतं.

हा सगळा तमाशा वर्ना काडलेक आपल्या कोपऱ्यातल्या टेबलावरून पाहत होती. वर्ना बावन्न वर्षांची, चेक नवऱ्याची विधवा. तिचं काम आकडे लिहिण्याचं. किटलीच्या पोटात तारांची शेकडो टोकं होती, आणि प्रत्येक टोकाशी क्रमांक हवा. छापायला जागा नाही, चिकटवलं तर थरथरून उडणार. वर्ना तीन केसांच्या कुंचल्यानं तांदळाच्या दाण्यावर मावेल एवढा आठ काढायची, आणि त्या आठाची दोन्ही पोटं सारखी असायची. ती भोपळ्याच्या बीवर सगळी बाराखडी लिहिते असं विद्यार्थी सांगत. ते खोटं होतं, पण तिनं कधी खोडून काढलं नाही. ती कुठे शिकली असं विचारलं तर म्हणायची, आईनं चिनी मातीच्या बशा रंगवायला शिकवलं. हेही खोटं होतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कुणी पाहिली नव्हती. बारीक कुंचला हाती धरणारा माणूस टोक काढायला तो नकळत ओठांत धरतो. वर्ना कधीच धरायची नाही. ती पांढऱ्या फ्लॅनेलच्या चिंधीवर कुंचला फिरवून टोक काढायची, दर आकड्याला एकदा, आणि चिंधी संध्याकाळी स्वतःच्या हातानं धुवायची.

त्या मंगळवारी नॉरिसला घड्याळांची आठवण झाली. अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांना रेडियमचा रंग असतो, हे त्याला आधीच सुचायला हवं होतं. त्यानं सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले. लॅम्बर्टनं बापाचं खिशातलं घड्याळ नळीजवळ धरताच यंत्र असं खडखडलं की पत्र्यावर गारा पडाव्यात.

"या घड्याळानं माझ्या बापाला तीस वर्षं धारा काढायच्या वेळा दाखवल्या," लॅम्बर्ट म्हणाला, "तेव्हा एकाही गाईनं तक्रार केली नाही."

"गाई मोजत नव्हत्या," नॉरिस म्हणाला.

सगळे हसले. घड्याळ चरबीच्या रिकाम्या डब्यात घालून अंगणापलीकडच्या शेडमध्ये हद्दपार करायचं ठरलं. न्यायच्या आधी लॅम्बर्टनं ते गंमत म्हणून वर्नाच्या टेबलावर ठेवलं; म्हणाला, बघ बाई, तुझ्याइतके बारीक आकडे काढणारं आणखी कुणीतरी होतं. वर्नानं भिंग लावलं. रंग करपून तपकिरी झाला होता, आता अंधारात तो चमकला नसता. आणि तिला दोनचा आकडा दिसला. त्याच्या पायाला शेवटी एक नसती गिरकी होती, बाहुलीच्या बुटाला असावी तशी. ती गिरकी काढू नकोस म्हणून देखरेखीची बाई वर्नाच्या शेजारी बसणाऱ्या इर्मा पेल्ट्झला रोज ओरडायची, आणि इर्मा रोज काढायची.

"ओळखीचं निघालं का काय घड्याळ?" लॅम्बर्टनं विचारलं.

"माझ्या मामाकडे असंच होतं," वर्ना म्हणाली, आणि भिंग खाली ठेवलं.

त्या रंगाचा उजेड केव्हाच विझला होता. बाकीचं विझलं नव्हतं.

इलिनॉयमधल्या नदीकाठच्या गावात, पस्तीस वर्षांपूर्वी, घड्याळांच्या तबकड्या रंगवायचा कारखाना होता. चाळीस मुली, लांब टेबलं, प्रत्येकीपुढे रंगाची वाटी. कुंचल्याला टोक हवं. फडक्यानं रंग वाया जातो, म्हणून ओठांत धरायचा, टोक काढायचं, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा. पुन्हा ओठ. वर्ना सतरा वर्षांची होती, इर्मा सोळा. देखरेखीच्या बाईनं पहिल्या दिवशी स्वतः जिभेवर रंग घेऊन दाखवला होता. म्हणाली होती, यानं गालांवर लाली येते. मुली शनिवारी नाचाला जाताना दातांना रंग लावून जायच्या. इर्मा एकदा अंधाऱ्या जिन्यात हसली तर दूधवाला घोडा सोडून पळाला, आणि घोडा एकटाच सगळ्या घरी दूध वाटून आला. घोड्याचं खरंखोटं देव जाणे, पण हसणं खरं होतं.

पुढे त्या रंगातल्या रेडियमनं हाडं पोखरली, आणि इर्माचा जबडा गेला. आणखी कुणाचा पाय, कुणाची पाठ. कारखाना म्हणाला, आम्ही कधीच कुणाला ओठ लावायला शिकवलं नाही. मंदीचे दिवस, गावात तेवढंच एक काम. तक्रार करणाऱ्या बायकांकडे चर्चमध्ये लोक पाठ फिरवून बसत. वर्ना तोवर लग्न होऊन आयोवात आली होती. तिला इर्माच्या वकिलाचं पत्र आलं. फक्त एवढं सांगायला या, त्यात लिहिलं होतं, की तुम्हाला ओठ लावायला शिकवलं होतं. खाली वेड्यावाकड्या अक्षरात इर्मानं स्वतः लिहिलं होतं: वर्ना, येशील ना. वर्नानं पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. गेली असती तर आपल्यालाही काही झालं असेल हे मान्य करावं लागलं असतं, आणि तिला काही झालेलं नव्हतं. पुढचे दात गेले ते बाळंतपणानं. डावा पाय आखूड पडला तो गवताच्या माळ्यावरून पडल्यानं. प्रत्येक दुखण्याला तिनं एक सोयीचं कारण शोधून ठेवलं होतं आणि ती सगळी कारणं नीट जपली होती. निकाल लागला तेव्हा इर्मा नव्हती.

गुरुवारी घड्याळ शेडमध्ये होतं, आणि नळीनं एकतीस मोजले.

 नॉरिसनं वही मिटून टेबलावर ठेवली आणि कॉफी आणायला वर गेला. लॅम्बर्टनं पितळी ठोकळा कपाटातून काढून पुसायला घेतला. तो हळू पुसत होता. त्याला ते काम आवडत नव्हतं हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

वर्नानं वही उघडली. दुसऱ्या कुणाला त्यात आकड्यांचं जंगल दिसलं असतं, पण तिचा जन्म आकड्यांत गेला होता. डावीकडे तारीख, उजवीकडे मोजणी. पहिली ओळ मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली, नळी या खोलीत आली तेव्हाची. मंगळवार एकतीस. गुरुवार तीस. मंगळवार एकतीस. मग एक मंगळवार बावीस. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. त्या मंगळवारी ती सीडर रॅपिड्सला नणंदेच्या दफनाला गेली होती. नंतर एक शनिवार एकतीस; त्या शनिवारी ती राहिलेले क्रमांक पुरे करायला आली होती. नॉरिसनं ट्रक मोजले, यंत्रं मोजली, घड्याळं मोजली. माणसं मोजायचं त्याला सुचलं नव्हतं. वर्नानं वही होती तशी मिटली आणि उरलेल्या वेळात सात क्रमांक लिहिले. सातही सुरेख आले. दुपारभर ती नळीपासून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गप्प बसणं सोपं होतं. सोमवारी नळी निघाली असती, ठोकळा बसला असता, आणि तिचं मंगळवार-गुरुवारचं टेबल शाबूत राहिलं असतं. या टेबलाशिवाय तिला आठवड्यात जायला दुसरी जागा नव्हती. नॉरिसच्या डॉक्टरेटला आणखी दोन वर्षं लागली असती, दुसरी किटली झाली असती. आणि तिला काही झालेलं नाही हेही शाबूत राहिलं असतं.

शुक्रवारी सकाळी नऊला ती तळघरात उतरली. नॉरिस एकटाच होता.

"काडलेकबाई, आज शुक्रवार."

"मला वार कळतात. मोजतोयस का?"

"सुरू करणार होतो. शेवटचं."

"मग कर. मी बाहेर जिन्यापाशी उभी राहते. झालं की हाक मार."

त्यानं विचित्र नजरेनं पाहिलं, पण कळ दाबली. दहा मिनिटांत दोनशे एकोणीस. म्हणजे बावीसच. मग ती आत येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, पुन्हा. तीनशे आठ. नॉरिस आकड्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला. वर्नानं स्टूल ओढलं, नळीच्या बाकाला डावी मांडी टेकेल इतकं जवळ, आणि म्हणाली, आता मोज. यावेळी ठोके मोजायला यंत्राकडे पाहावं लागलं नाही, कानांनीच कळत होतं. पाचशे एकसष्ट.

"तुमच्या खिशात काही आहे का?" नॉरिसनं विचारलं.

"रुमाल."

तिनं रुमाल काढून दिला. मग न सांगता अंगठी काढली, केसांतल्या पिना काढल्या, स्वेटर काढला, दातांची कवळीसुद्धा रुमालात गुंडाळली, आणि सगळं त्याला बाहेर जिन्यावर नेऊन ठेवायला लावलं. पुन्हा मोजलं. पाचशे अठ्ठावन्न.

"आता काढण्यासारखं काही उरलं नाही," वर्ना म्हणाली. कवळी नसल्यानं शब्द थोडे सांडत होते. "जे आहे ते हाडांत आहे, पोरा."

मग तिनं सगळं सांगितलं. गाव, लांब टेबलं, वाट्या, लाली येणारे गाल. घोड्याची गोष्टही सांगितली, कारण ती न सांगता इर्माबद्दल बोलता येत नव्हतं. पत्राचं सांगताना ती थांबली नाही. थांबली असती तर पुढे गेली नसती. नॉरिस मध्ये एकदाही बोलला नाही, आणि त्याच्या घराण्याच्या त्या मुकेपणाचा त्या सकाळी पहिल्यांदा कुणालातरी उपयोग झाला.

ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "दुखतं का?"

"रात्री. थंडीत जास्त."

तो उठला, जिन्यावरून स्वेटर आणि कवळी घेऊन आला, आणि ती कवळी बसवेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग खरं तेच बोलला: या खोलीत आता तिला येता येणार नाही, निदान मोजणी चालू असताना तर नाहीच, विभागप्रमुख सोमवारी परत आले की त्यांना सांगावं लागेल. ठाऊक आहे, ती म्हणाली. ठाऊक असूनच आले.

नॉरिसनं वही ओढली. नियम असा होता की आकडा चुकण्याचं कारण वहीत लिहायचं, आणि वहीची एक प्रत किटलीबरोबर जायची. त्यानं पेन्सिलीनं लिहिलं आणि तिला दिसेल असं धरलं: बाहेरचा किरणस्रोत, सापडला, दूर केला.

"खोड ते."

"का? याच्यात तुमचं नाव येत नाही. कुणी काही विचारणार नाही."

"म्हणूनच खोड. बाहेरचा नाही तो. मी सांगते तसं लिही."

तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. सन एकोणीसशे सव्वीस ते अठ्ठावीस या काळात तबकड्या रंगवताना आम्हांला कुंचला ओठांत धरून टोक काढायला शिकवलं होतं. देखरेखीच्या बाईनं स्वतः करून दाखवलं होतं. हे मी केलं. माझ्या शेजारी बसून इर्मा पेल्ट्झनं केलं. ते मी रोज डोळ्यांनी पाहिलं.

नॉरिसनं वाचून दाखवलं. वाचताना त्यानं एके ठिकाणी 'चाटून' असं लिहिल्याचं निघालं.

"चाटून नाही," वर्ना म्हणाली. "कारखान्याचा वकील तसंच म्हणायचा, चाटत होत्या म्हणून. जशा काही आम्ही हावऱ्या होतो. ओठांत धरून. टोक यायला. शिकवलं होतं तसं."

त्यानं खोडलं आणि नीट लिहिलं. तिनं त्याच्या हातातली पेन्सिल बाजूला करून शाईचं पेन घेतलं आणि खाली सही केली. वर्ना हॅलोरन.

"हे कोण?" नॉरिसनं विचारलं.

"लग्नाआधी, तिथे, मी हीच होते. तिथल्या लोकांना काडलेक कळायची नाही."

सही वाळेपर्यंत नॉरिस नियमांचं पान उलटत होता. मग जरा ओशाळून म्हणाला की कारण पक्कं धरायला एकाच अंतरावरून तीन मोजण्या लागतात, दहा-दहा मिनिटांच्या. बाकाला टेकून बसलेल्या अवस्थेत दोन झाल्यात. बाई थकल्या असतील तर दोनांवर भागवता येईल, कंसात टीप घालून.

"टीप कशाला. घे तिसरी."

ती पुन्हा स्टुलावर बसली, डावी मांडी बाकाला टेकवून, आणि नॉरिसनं कळ दाबली. ठोके सुरू झाले, दाट, सलग. तीन मिनिटं झाली असतील नसतील, तोच जिन्यावर जड पावलं वाजली आणि लॅम्बर्ट पितळी ठोकळा दोन्ही हातांत धरून दारात उभा राहिला. त्यानं वर्नाकडे पाहिलं, केस सुटलेले. नॉरिसकडे पाहिलं, उघड्या वहीकडे पाहिलं. आवाज ऐकून त्यानं खोलीत चौफेर नजर फिरवली, पुन्हा कुणाचं घड्याळ निघालं की काय म्हणून.

"काय मोजताय?" तो म्हणाला.



"मला," वर्ना म्हणाली. "तो ठोकळा खाली ठेव आणि बस. अजून सात मिनिटं आहेत."